जांभा, चिरा आणि लॅटिन वीट

रत्नागिरी-सिंधुदुर्गात घर बांधायला काढलेला माणूस जांभा विकत घेत नाही, चिरा विकत घेतो. जमिनीत असतो तो जांभा. कापून चौकोनी केला की तो चिरा. कापायच्या आधी उघड्यावर लांबच लांब पसरलेला असतो तेव्हा कातळ, आणि कातळाचा तो सगळा माळ म्हणजे सडा. भिंतीत न बसणारे वेडेवाकडे तुकडे एकावर एक रचून कलमांच्या बागेभोवती कुंपण घातलं की झाला गडगा. दगड तोच, पण तो कुठे आहे आणि माणसाने त्याचं काय केलं आहे यावर त्याचं नाव बदलत जातं. भूगोलाच्या पुस्तकात त्याच्यापासून झालेल्या मातीला 'जांभी मृदा' म्हणतात, आणि गावातला अभियांत्रिकीला गेलेला मुलगा सुट्टीत घरी येऊन त्याच दगडाला लॅटराइट म्हणू लागतो.

हे शेवटचं नाव आज जगभर चालतं. ब्राझीलपासून ऑस्ट्रेलियापर्यंत आणि गिनीपासून कंबोडियापर्यंत भूशास्त्रज्ञ आणि मृदाशास्त्रज्ञ ते वापरतात. ते जन्मलं मात्र आपल्याच किनाऱ्यावर, कोकणाच्या खाली, मलबारातल्या अंगाडिपुरम या गावी. आणि जन्मलं ते गवंडीकामातून.

घराच्या सामानाची नावं पाहिली तर बहुतेक नावांना गावाचा शिक्का असतो. शहाबादी फरशी कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची. ओट्याचा कडप्पा आंध्रातल्या कडप्पाचा. जिन्याला लावतात तो कोटा राजस्थानातला. मंगलोरी कौल मंगळूरचं. १८६५ मध्ये बासेल मिशनच्या लोकांनी तिथे कौलांचा कारखाना काढला आणि गावाचं नाव कौलाला कायमचं चिकटलं. ज्याला आपण नुसतं सिमेंट म्हणतो त्याचं पूर्ण नाव पोर्टलँड सिमेंट. जोसेफ ॲस्पडिनने १८२४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं तेव्हा आपला माल इंग्लंडच्या पोर्टलँड बेटावरच्या दगडासारखा दिसतो, अशी त्याची जाहिरात होती. बॉक्साइट हे नावही गावाचंच. फ्रान्सच्या दक्षिणेला ले बो नावाचं गाव आहे, तिथल्या मातीचा अभ्यास पिएर बेर्तिएने १८२१ मध्ये केला. अशा यादीत लॅटराइट वेगळं पडतं. त्यात ना गाव, ना माणूस. त्यात फक्त दगडाचा एक स्वभाव आहे, आणि तो हेरला होता खाणीवरच्या लोकांनी.

हा स्वभाव चिरेखाणीवर दिसतो. वरचं कडक कातळाचं कवच आधी काढून टाकतात. त्याखालचा जांभा मऊ असतो. पूर्वी तो टिकावाने आणि कुऱ्हाडीसारख्या पात्याच्या हत्याराने काढत. एकेक चिरा म्हणजे हाताचं काम. आता रुळांवर सरकणारं यंत्र असतं, त्याची गोल पाती आधी उभे काप घेतात, मग आडवे, आणि पहार घालून चिरे तळापासून सुटे करतात. आवाज कानठळ्या बसवणारा आणि धूळ अशी की दुपारपर्यंत तिथल्या प्रत्येकाच्या भुवया तांबूस झालेल्या असतात. नुकता निघालेला चिरा हातात घ्यावा. तो ओलसर असतो, अपेक्षेपेक्षा जड असतो आणि एकसारखा लाल तर मुळीच नसतो. त्यावर पिवळे, जांभळट, विटकरी, पांढुरके असे डाग एकमेकांत मिसळलेले असतात. सगळीकडे भोकं, आणि भोकांत पिवळी-पांढरी चिकण माती भरलेली. नख ओढलं तर ओरखडा उठतो. हाच चिरा उन्हापावसात काही महिने पडून राहिला की चिकण माती धुऊन जाते, भोकं मोकळी होतात, रंग गडद तांबडा आणि पुढे काळपट होतो. मग नख सोडाच, खिळा मारतानाही हातोडी उसळते.

म्हणून खाणीवरून थेट भिंतीवर चढवलेला चिरा जाणत्या गवंड्याला पटत नाही. मालवणी मुलखात असा संवाद नेहमी कानावर येतो. घरमालकाला गणपतीच्या आत जोतं पुरं करायचं असतं, आणि गवंडी म्हणतो, "काकानू, चिरो अजून ओलो आसा. थोडे दिस उन्हात पडान दे, मगे चढवया." काकांना हा कामचुकारपणा वाटतो. पण सरकारी बांधकामाच्या नियमांतही हेच आहे: खाणीतून काढलेला जांभा काही काळ हवेवर मुरू द्यावा, मगच वापरावा.

चिरा हा शब्द चिरणे या क्रियापदाच्या घरातला. भाजी चिरतो तसा हा दगड चिरला जातो, हे नाव देणाऱ्याने बघितलेलं होतं. घाटावर मात्र चिरा म्हणजे काळ्या बेसाल्टचा घडवलेला दगड. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी' मधला वाडा विदर्भातला, त्याचा जांभ्याशी संबंध नाही. तिकडे चिरा सुतकी, छिन्नी आणि घामाने घडवावा लागतो. चिरणे या क्रियेचं सार्थक होतं ते कोकणात, जिथे दगड खरोखरच पात्याखाली कापला जातो. आणि जांभा? त्याचं जांभळाशी आणि जांभळ्या रंगाशी नातं ऐकणाऱ्याला सहज लागतं. ताज्या चिऱ्यावरचे जांभळट डाग पाहिले की ते पटतंही. कारवारच्या खाली गेलं की कानडीत याच दगडाला 'जंबिट्टिगे' म्हणतात. त्यातला 'इट्टिगे' म्हणजे वीट. म्हणजे आपण अर्धंच नाव घेतलं, कानड्यांनी पुढे वीट जोडली. त्या विटेकडे आता यायचं आहे.

मे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं आणि टिपू मारला गेला. म्हैसूर, कॅनरा आणि मलबार असा भलामोठा मुलूख एकदम इंग्रजांच्या हाताखाली किंवा वचकाखाली आला. त्यात नेमकं पिकतं काय, लोक खातात काय, जमिनीत काय आहे, हे गव्हर्नर जनरल वेलस्लीला हवं होतं. त्यासाठी त्याने फ्रान्सिस बुकॅनन या कंपनीच्या नोकरीतल्या स्कॉटिश डॉक्टरला नेमलं. १७६२ चा जन्म, एडिंबरोला वैद्यकीचं शिक्षण, आवड वनस्पतींची. पुढे याने गंगेतल्या माशांवर ग्रंथ लिहिला, बंगाल-बिहारची प्रचंड पाहणी केली, कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा कारभार पाहिला आणि शेवटी आडनावही बदलून हॅमिल्टन झाला. एप्रिल १८०० मध्ये तो मद्रासहून निघाला आणि सव्वा वर्ष फिरला. रोजच्या मुक्कामाची नोंद ठेवली. शेती, बी-बियाणं, सावकारी, जातीपाती, लोखंड गाळायच्या भट्ट्या, मीठ, काहीही त्याच्या वहीतून सुटलं नाही. तीन जाडजूड खंडांत हा प्रवास १८०७ मध्ये लंडनला छापून निघाला. सरकारी अहवाल असावा तसाच तो रुक्ष आहे. वाचताना डुलकी येते आणि मधेच एखादं पान असं येतं की माणूस खडबडून जागा होतो.

अंगाडिपुरमचं पान त्यातलं. डिसेंबर १८०० मध्ये तो तिथे होता. आजच्या केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात, पेरिंतलमण्णाच्या शेजारी हे गाव आहे. बुकॅननने जे लिहिलं त्याचा आशय असा: हा दगड थर न दिसणाऱ्या मोठ्या राशींत पसरलेला आहे, खालच्या ग्रॅनाइटवर बसलेला. त्यात पोकळ्या आणि छिद्रं खूप, लोखंडाचं प्रमाण मोठं, ते तांबड्या-पिवळ्या गेरूच्या रूपात. हवा लागत नाही तोवर इतका मऊ की कुठल्याही लोखंडी हत्याराने कापावा. कुदळीने चौकोनी तुकडे काढतात आणि लगेच थापीने किंवा मोठ्या सुरीने हवा तो आकार देतात. लवकरच तो विटेसारखा कडक होतो, आणि हवापाण्याला त्याने भारतात पाहिलेल्या कुठल्याही विटेपेक्षा जास्त टिकतो.

थापीने कापलेला दगड! गवंड्याच्या हातातलं सगळ्यात साधं अवजार, चुना सारवायचं, तेच इथे पाथरवटाचं काम करतं. या एका तपशिलामुळे मला बुकॅनन आवडतो. त्याच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, रासायनिक पृथक्करण नव्हतं. त्याने काम करणाऱ्यांचे हात पाहिले.

आणि त्यांची बोली ऐकली. इथल्या कित्येक भाषांत याला 'इटिक कल्लु' म्हणतात, म्हणजे विटेचा दगड, असं त्याने नोंदवलं. कल्लु म्हणजे दगड. आणि इटिक आपल्याही ओळखीचं आहे. संस्कृतातली इष्टका, जी यज्ञाची वेदी रचायला लागायची, ती प्राकृतातून इकडे येऊन मराठीत वीट झाली, हिंदीत ईंट, कानडीत इट्टिगे. दक्षिणेतल्या भाषांनी संस्कृतकडून वीट घेतली आणि तिला आपला कल्लु जोडला. मग बुकॅनन म्हणाला की इंग्रजीत याला योग्य नाव लॅटराइट हेच होईल. लॅटिनमध्ये वीट म्हणजे 'लाटेर'. त्याने केलं ते एवढंच: मलबारच्या लोकांचं नाव उचललं, वीट लॅटिनमध्ये घातली, मागे दगडाचा 'आइट' जोडला. शोध कसला, हे तर सरळ भाषांतर. पण त्या काळात अनेक युरोपीय प्रवासी सापडलेल्या वस्तूला आपल्या राजाचं किंवा आश्रयदात्याचं नाव द्यायचे, त्यामानाने बुकॅननने बऱ्यापैकी प्रामाणिक वाट धरली. 'वेलस्लाइट' म्हटलं असतं तर त्याला कोण अडवणार होतं?

त्याच गावातले लोक अर्थात वेगळं नावही घेत होते आणि आजही घेतात. मल्याळममध्ये हा दगड 'वेट्टुकल्लु', कापायचा दगड. म्हणजे हुबेहूब आपला चिरा. दुसरं नाव 'चेंकल्लु', तांबडा दगड. गंमत अशी की हाच शब्द पलीकडे तमिळमध्ये 'चेंगल' होतो आणि तिथे त्याचा अर्थ भट्टीत भाजलेली वीट. घाटाच्या एका अंगाला ज्याने भिंत बांधतात तो दगड, दुसऱ्या अंगाला ज्याने भिंत बांधतात ती वीट, आणि नाव एकच. तसं पाहिलं तर या दगडाच्या नावांच्या तीनच वाटा दिसतात: रंग, काप आणि वीट. कंबोडियात ख्मेर लोकांनी अंगकोरच्या देवळांचा गाभा याच दगडाचा रचला आणि बाहेरून वालुकाश्म लावला. त्यांनी मात्र चौथी वाट काढली. ते त्याला 'बाय क्रियेम' म्हणतात, म्हणजे वाळून कडक झालेला भात. ओल्या चिऱ्याचं पुढे काय होतं, हे भात खाणाऱ्या माणसाने सांगितलं तर असंच सांगेल.

लाटेर या शब्दाचीही एक खुबी आहे, जी बुकॅननच्या मनात होती की नाही ते सोडून देऊ. रोमन लोकांच्या जुन्या बांधकामात लाटेर म्हणजे मुख्यतः कच्ची, उन्हात वाळवलेली मातीची वीट. इसवी सनाच्या आधीच्या शतकातला वास्तुविशारद विट्रुव्हियस तिच्यावर एक प्रकरण लिहितो. विटा वसंतात किंवा शरदात पाडाव्यात, म्हणजे सगळीकडून सारख्या वाळतात. उन्हाळ्यात पाडल्या तर वरून वाळून आत ओल राहते. पाडल्यावर दोन वर्षं थांबाल तर उत्तम. उत्तर आफ्रिकेतल्या युटिका शहरात तर पाच वर्षं वाळलेली आणि अधिकाऱ्याने पास केलेली वीटच वापरायची परवानगी होती. काकांची घाई आणि गवंड्याचं 'ओलो आसा' हे भांडण इतकं जुनं आहे. जांभा भट्टी न लागता, नुसत्या हवेवर कडक होतो; तेव्हा भाजलेल्या विटेपेक्षा ही कच्ची लाटेरच त्याला जास्त शोभते.

फरक एकच, पण मोठा. उन्हात वाळलेली मातीची वीट पावसात भिजली की पुन्हा चिखल. जांभा भिजून पुन्हा मऊ होत नाही. हे का, हे कळायला शंभरेक वर्षं गेली.

गोष्ट पावसाची आहे. कोकणात चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरडं ऊन. असं चक्र लाखो वर्षं चाललं की खडकातले विरघळणारे घटक एकेक करून वाहून जातात. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आधी. सिलिका मागून, हळूहळू. जे विरघळायला तयार नसतं ते राहतं: लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, आणि थोडी चिकण माती. पावसाळ्यात भूजल वर चढतं तेव्हा लोह थोडं हलतं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की पुन्हा गोठतं. तांबडा रंग हेमाटाइटचा, पिवळा-तपकिरी गोएथाइटचा. जमिनीत ओल असेतोवर हे लोह मऊ मातीत विखुरलेलं असतं. चिरा बाहेर काढला, वाळला, की लोहाच्या ऑक्साइडांचे स्फटिक वाढतात, एकमेकांत अडकतात, आणि सबंध दगडात एक सांगाडा तयार होतो. तो पाण्याने मोडत नाही. खाली गेलं की लोह कमी होत जातं आणि पांढरट मऊ माती लागते. मंगळूरकडे तिला 'शेडी' म्हणतात आणि विहीर खणणारे तिला वचकून असतात, कारण ती ढासळते.

मुळात खडक कोणता होता याला म्हणूनच फारसं महत्त्व नाही. मलबारात जांभा ग्रॅनाइटसारख्या जुन्या खडकांवर बसला आहे, आपल्याकडे बेसाल्टवर. दोन्हीकडून निघणारा चिरा गवंड्याला सारखाच. महाबळेश्वर-पाचगणीच्या डोक्यावर सुमारे १३०० मीटर उंचीवरही तोच आहे. पाचगणीचं टेबललँड म्हणजे जांभ्याचं सपाट झाकण. साताऱ्याच्या कासच्या पठारावर ज्या फुलांसाठी गर्दी लोटते तीही जांभ्याच्या कातळावर साचलेल्या वीतभर मातीतली.

पण एकोणिसाव्या शतकातल्या भूशास्त्रज्ञांना हे सगळं स्पष्ट नव्हतं, आणि त्यांची पंचाईत नावाने वाढवली. भोकाभोकांचा दगड पाहून काहींना तो ज्वालामुखीतून आलेला वाटला. काहींना गाळ साचून झालेला वाटला. भारतात नोकरीला असलेले लष्करी अधिकारी आणि डॉक्टर जिथे तांबडा सच्छिद्र दगड दिसेल तिथे 'लॅटराइट' लिहू लागले, मग तो कापता येतो की नाही याची चौकशी न करता. बुकॅननच्या व्याख्येतलं मर्म होतं कापणं आणि कडक होणं. त्याच्यामागून आलेल्यांनी रंग तेवढा धरला. १८९८ मध्ये मॅक्स बाउअरने सेशेल्स बेटांवरचे नमुने तपासून दाखवलं की यात सिलिका जवळजवळ संपलेली असू शकते आणि उरलेला माल बॉक्साइटच्या जातीचा आहे. १९०३ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख टी. एच. हॉलंड यांनी लॅटराइटच्या घडणीवर निबंध लिहिला. १९११ मध्ये त्याच खात्यातल्या फर्मर यांनी लेखाला नावच दिलं: लॅटराइट म्हणजे काय? शब्द जन्मून एकशे अकरा वर्षं झाली होती आणि खात्यातल्या माणसाला हा प्रश्न छापून विचारावा लागत होता. फर्मर यांचा कल रासायनिक व्याख्येकडे होता: लोह, ॲल्युमिनियम, टायटॅनियम, मँगेनीज यांचं प्रमाण किती, त्यावरून नाव ठरवा. मग कापता न येणारा दगड लॅटराइट ठरू शकतो आणि अंगाडिपुरमचा चिकण माती जास्त असलेला, पण सुरीने कापला जाणारा दगड शंकास्पद. ज्या गावात नाव जन्मलं त्या गावच्याच दगडाला नाव गमवायची वेळ आली.

पुढे शेतीशास्त्रज्ञ आले. त्यांनी उष्ण प्रदेशातल्या तांबड्या मातीला लॅटराइट म्हणायला सुरुवात केली. नाव इतकं ताणलं गेलं की १९४९ मध्ये अमेरिकेत केलॉग यांनी 'लॅटोसोल' हा नवा शब्द काढला. त्यात लाटेर आहेच. नंतर अमेरिकन मृदा-वर्गीकरणवाल्यांनी लॅटराइट हा शब्दच बाजूला ठेवायचं ठरवलं. १९६० मध्ये त्यांनी ओल्या-कोरड्या चक्रातून गेल्यावर कायमची कडक होणारी, लोहयुक्त चिकण माती यासाठी 'प्लिंथाइट' असं नाव दिलं. ग्रीकमध्ये प्लिंथोस म्हणजे काय? वीट. मलबारची वीट टाळायला निघालेले शास्त्रज्ञ ग्रीक विटेवर येऊन बसले. आणि त्यांची व्याख्या पाहिली तर बुकॅननने १८०० मध्ये थापी हातात घेतलेल्या माणसाकडे बघून जे टिपलं, तेच पुन्हा नीटनेटकं लिहिलेलं. खाणीवरच्या माणसाचं निरीक्षण बरोबर होतं. मधली दीडशे वर्षं ते बाजूला ठेवून वाद घातला गेला, असं माझं मत झालं आहे. शास्त्राचे लोक याला जरा कडक शेरा म्हणतील.

भारतीय मानक ब्युरोने मात्र विटेची आठवण ठेवली. जांभ्याच्या चिऱ्यांसाठीचं मानक, आयएस ३६२०, १९७९ चं आहे. त्यात चिऱ्याची दाब सोसण्याची किमान ताकद दर चौरस मिलिमीटरला ३.५ न्यूटन मागितली आहे. भाजलेल्या साध्या विटेच्या सगळ्यात खालच्या वर्गालाही तेवढीच लागते.

त्याच १९७९ मध्ये अंगाडिपुरमला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केलं. बुकॅननच्या नावाचा स्तंभ तिथल्या सरकारी विश्रामगृहाच्या आवारात उभा आहे. देवळं, कोट, राजवाडे यांची स्मारकं आपल्याला सवयीची. ज्या जागी एका शब्दाने जन्म घेतला तिला स्मारक म्हणून मान मिळाल्याची उदाहरणं फार नाहीत. केरळातला बेकलचा किल्ला, गोव्याचा आग्वाद, ही या दगडाची मोठी कामं. आग्वाद १६१२ चा, बुकॅननच्या जन्माआधी दीडशे वर्षं. तो बांधणाऱ्या गवंड्यांनी कुठल्या नावाने चिरे मागवले असतील, याचा अंदाज कोकणी ऐकणाऱ्याला करता येईल: गोव्यात तो आजही 'चिरो' आहे.

गोव्यातच या दगडाची सगळ्यात मोठी गैरसमजूत उभी आहे. जुन्या गोव्यातलं बॉम जिझसचं बॅसिलिका, जिथे सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव आहे, ते १५९४ ला सुरू होऊन १६०५ मध्ये पूर्ण झालं. शेजारचं से कॅथेड्रल पांढरंशुभ्र, आणि हे तांबडंकाळं, उघड्या चिऱ्यांचं. पर्यटक त्याच्यासमोर फोटो काढतात आणि मार्गदर्शक सांगतात, बघा, अस्सल जुना दगड. पण बांधणाऱ्यांनी ते असं ठेवलंच नव्हतं. त्यावर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, पोर्तुगीज अमदानीच्या शेवटच्या वर्षांत, दुरुस्तीच्या नावाखाली तो खरवडून काढला गेला, कारण उघडा दगड जास्त प्राचीन दिसतो. तेव्हापासून दर पावसाळ्यात पाणी चिऱ्यांच्या भोकांत शिरतं. दर्शनी भागातली कोरीव कामं वसईकडून आणलेल्या बेसाल्टची आहेत, ती शाबूत आहेत. झिजतो तो जांभा. पुन्हा गिलावा करावा अशी मागणी चर्चच्या आतूनही झाली आहे.

कोकणातल्या जुन्या घरांना हे ठाऊक होतं. जांभा दाब सोसतो, पण पाणी पितो. म्हणून पश्चिमेच्या भिंतीला पडवी काढायची, वळचण लांब ठेवायची, ऐपत असेल तर चुना, नसेल तर पावसाळ्यापुरती माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं बांधायची. आता शहरातून आलेल्या मालकाला 'नैसर्गिक लूक' हवा असतो. भिंत उघडी, वर पारदर्शक रसायनाचा हात, आणि कॉंक्रीटच्या स्लॅबला वळचण नाही. दोन पावसाळ्यांनी आतल्या भिंतीवर बुरशी आली की शिव्या गवंड्याला.

मागणी मात्र वाढतीच आहे. आंबा घाटातून आणि फोंडा घाटातून चिऱ्यांचे ट्रक वर देशावर जातात. महसूल खात्याच्या लेखी जांभा गौण खनिज आहे. मोजमाप ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफूट, आणि वाहतुकीला परवाना. गौण हा शब्द कागदावर ठीक आहे. ज्या सड्यावर खाण निघते तोच सडा गावाच्या विहिरींचं पाणी धरून ठेवत असतो. पाऊस कातळाच्या भोकांतून खाली झिरपतो आणि जिथे जांभा संपून चिकण माती लागते तिथे झरा होऊन बाहेर येतो. खाण खोल गेली की हे गणित बिघडतं. शिवाय याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, रुंढे तळी. कशेळीच्या हत्तीच्या आकृतीत इतर प्राणी कोरलेले आहेत आणि तो एवढा मोठा की जमिनीवरून सलग दिसतच नाही. २०२२ मध्ये कोकणातली ही ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. पण चिरेखाणीच्या यंत्राला पात्याखाली हत्ती आहे की नुसता कातळ, हे कळत नाही. ते कुणीतरी आधी जाऊन बघावं लागतं. काही गावांत स्थानिक लोकांनीच शिल्पांभोवती गडगे घातले आहेत. जांभ्याची राखण जांभ्यानेच.

केरळात खाणींची जागा संपत आली तसा एक नवा माल बाजारात आला आहे. जांभ्याचा चुरा आणि जांभी माती घेऊन, त्यात थोडं सिमेंट घालून, यंत्राने दाबून खाचा-खुंट्यांच्या विटा पाडतात. त्या एकमेकींत अडकतात, सांध्यांना मसाला लागत नाही, आणि त्यांना भट्टीही लागत नाही. अंगाडिपुरमच्या आसपासच्या गावांतही अशी घरं आता उठताना दिसतात. विटेच्या दगडाची शेवटी खरीच वीट झाली आहे. फरक गवंड्याला सांगावा लागतो: चिरा वाळवायचा असतो, या विटेला आठवडाभर पाणी मारायचं असतं.